भिक्षापात्रातला स्पंज

"...पण स्वच्छ पाण्यात मासे मरतीलच कसे, भंतेजी?"

सुगतच्या तळहातावर दोन गप्पी मासे होते. मेलेले.

विहाराच्या ओसरीवर कुणा उपासकाने दान दिलेली माशांची काचेची टाकी होती. येत्या रविवारी सुगतला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू म्हणून दीक्षा मिळायची होती. अंगावर चीवर येण्याआधी सगळं विहार लख्ख करायचं त्याने मनावर घेतलं होतं. फरशा घासून झाल्या, जळमटं काढून झाली, आणि काल संध्याकाळी त्याचा हात टाकीकडे वळला.

भंते शीलरत्न टाकीपाशी बसले. उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

"काय काय धुतलंस?"

"सगळं." सुगतच्या आवाजात अजून ताठा होता. "खडे उकळत्या पाण्यात. काच आतून-बाहेरून. फिल्टरचा स्पंज तर नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. काळाकुट्ट झाला होता!"

"आणि पाणी?"

"जुनं सगळं ओतून दिलं. नळाचं ताजं भरलं."

भंतेंनी बोट बुडवून नाकाशी नेलं.

"ब्लीचिंगचा वास येतोय."

"शुद्ध केलेलं पाणी आहे, भंतेजी."

"आहे ना. म्हणून तर त्यात काही जगत नाही."

सुगतने बादली उचलली. "मग आत्ताच्या आत्ता पुन्हा सगळं बदलतो!"

"ठेव ती."

...

"मासा जिथे खातो तिथेच घाण करतो," भंते म्हणाले. "त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते पचवणारे बारीक जीव स्पंजात राहत होते, खड्यांवर राहत होते."

सुगतने तळहाताकडे पाहिलं. "म्हणजे... तेसुद्धा मीच..."

भंते उठले. आत गेले आणि स्वतःचं भिक्षापात्र घेऊन आले.

"शालिनीताईंकडे जा. त्यांच्या घरी मासे आहेत. भिक्षा माग."

"कसली?"

"घाणीची."

"या पात्रात? यात आपण जेवता, भंतेजी!"

"जा. मासे थांबणार नाहीत."

शालिनीताई पात्र पाहून लगबगीने भात घेऊन दारात आल्या. सुगतचे कान तापले.

"भात नको, ताई. तुमच्या... फिल्टरमधली घाण हवीय."

ताई खळखळून हसल्या. "आमचे हे त्या स्पंजावरून मला आळशी म्हणतात. आता सांगते, विहारातून मागणी आलीय म्हणून!"

त्यांनी काळा, बुळबुळीत स्पंज कात्रीने मधोमध कापला. अर्धा परत टाकीत ठेवला, अर्धा टाकीतल्याच पाण्यासकट पात्रात घातला.

"वाळू देऊ नकोस. आणि नळाखाली धरलास तर माझ्याशी गाठ आहे! अगदीच तुंबला, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. बस."

वाटेत पात्र पाहून एका म्हाताऱ्या बाबांनी हात जोडले. आतलं काळं पाणी हिंदकळू नये म्हणून सुगत खाली मान घालून चालत राहिला.

भंतेंनी स्पंज फिल्टरमध्ये बसवला. टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढलं. झाडांसाठी कालपासून उघडी भरून ठेवलेली बादली होती, त्यातलं ब्लीचिंगचा वास उडालेलं पाणी हळूहळू ओतलं.

"आज खायला घालू नकोस. उद्यापासून चिमूटभर, लगेच संपेल एवढंच. पाणी आठवड्याला इतकंच बदलायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं राहू दे."

शनिवारपर्यंत एकही मासा मेला नाही. सगळे पुन्हा टाकीभर फिरू लागले होते. पाणी किंचित गढूळ होतं, काचेच्या कोपऱ्यात हिरवट डाग धरला होता. सुगतचे हात शिवशिवत होते. त्याने ते मागे बांधले.

संध्याकाळच्या वंदनेनंतर तो भंतेंपुढे बसला.

"माझी दीक्षा पुढे ढकला, भंतेजी. प्राणिहिंसा करणार नाही असं रोज म्हणतो, आणि माझ्याच हातांनी... शिवाय राग आहे माझ्यात. गर्व आहे. हे सगळं निघून गेलं, मन स्वच्छ झालं, की येईन."

भंतेंनी टाकीच्या कोपऱ्यातल्या हिरवट डागाकडे पाहिलं.

"उद्या ये," ते म्हणाले. "मुंडण करून ये. बाकी फार धुऊन येऊ नकोस."