दसऱ्याचा रंग

गाडीच्या पोटातले भाग एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या जीपमध्ये एक सेन्सर होता. इंजिन किती तापलंय ते व्होल्टेजमधून कंप्युटरला कळवायचं, एवढंच त्याचं काम.

दसऱ्याच्या पूजेसाठी मालकाने जीप आतूनबाहेरून रंगवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून व्होल्टेज भलतंच येऊ लागलं. इंजिन चांगलं तापलेलं असतानाही कंप्युटरला ते थंडगार वाटे. थंड इंजिनाला लागतं तसं तो जास्तीचं पेट्रोल सोडत राही आणि जीप काळा धूर ओकत राही.

"खोटारडा आहेस तू," कंप्युटर म्हणाला.

"मी रोज सांगायचो तेच सांगतोय," सेन्सर थकल्या आवाजात म्हणाला. "वाटेत काहीतरी बिघडलंय. तारा तपासा."

कोणी तपासल्या नाहीत. लतीफ मिस्त्रीने सेन्सर काढून भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवा बसवला. नव्याकडूनही तेच व्होल्टेज आलं. तेव्हा कुठे मिस्त्रीने मीटर घेऊन एकेक तार तपासली. अर्थिंगची तार जिथे बोल्टने आवळली होती, तिथे कोरं लोखंड हवं. तिथे दसऱ्याचा रंग बसला होता आणि रंगातून वीज नीट जात नव्हती. त्याने तो खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला आणि आकडा जागेवर आला.

"तू गुणी आहेस," कंप्युटर नव्या सेन्सरला म्हणाला. "आधीचा फार खोटं बोलायचा."

नवा काही बोलणार, तोच डब्यातून थकलेला आवाज आला.

"वाद घालू नकोस, बाळा. दसरा दरवर्षी येतो."