बेडकीला पडलेल्या टाळ्या

ऐका. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. पण जे घडलं ते आठवलं, की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

त्या राज्यात तुळाजी नावाचा एक गडी होता. घरांच्या पायात आणि विहिरींच्या काठावर मोठमोठे धोंडे बसवायचं त्याचं काम. चौघांना हलणार नाही असा धोंडा तो एकटा छातीशी धरून चालायचा. घरात बायको येसू आणि दोन चिमुरड्या मुली. सगळं घर त्याच्या हातांवर चालायचं.

दरसाल तिथे जत्रा भरायची. राजासमोर एक भला जड वाटोळा गोटा जमिनीवरून उचलून चौथऱ्यावर ठेवायचा, अशी रीत. पण लोक मोठे चमत्कारिक! गोटा चौथऱ्यावर गेला की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. सगळ्यांचे डोळे उचलणाऱ्याच्या दंडावर. दंडातला गोळा टरारून फुगला, की "बेडकी! बेडकी!" म्हणून असा ओरडा व्हायचा, की कान किटावेत. राजाही त्यांच्यातलाच. ज्याची बेडकी सगळ्यात मोठी, त्याच्या गळ्यात तो आपला सोन्याचा कंठा घाली.

तुळाजीला गोटा उचलायला शिकवलं होतं एका म्हाताऱ्या वस्तादानं. तो तोंडाचा भारी तिखट. म्हणायचा, "हात म्हणजे नुसते दोर, लेका. विहिरीतली घागर काय दोर ओढतो? ओढणारा वेगळाच असतो. गोटा उचलायचा तो मांड्यांनी आणि कमरेनं. हात सरळ ठेव. कोपरात वाकवलास, की सगळं ओझं एका शिरेवर येतं."

त्या साली जत्रेच्या आधीपासूनच तुळाजीच्या उजव्या कोपराच्या खळगीत कळ येत होती. साधी घागर उचलताना तो ओठ चावायचा. वस्तादानं ते हेरलं.

"यंदा गोटा नको," तो म्हणाला. "हात तुला काहीतरी सांगतोय. ऐक त्याचं."

"कंठा मिळाला तर पोरींच्या डोक्यावर पक्कं छप्पर येईल, वस्ताद. एवढी एक जत्रा होऊ द्या."

"ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय बोलणार! निदान आधी हलके गोटे उचल. अंग तापू दे."

तेही झालं नाही. गावकऱ्यांनी सकाळपासून हार घालून त्याला पाटावर बसवून ठेवलं होतं. बसून बसून गडी पार गार पडला, आणि तसाच उठून गोट्याला भिडला.

गोटा जमिनीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत आला. हात सरळ होते. सगळं ठीक चाललं होतं हो! तेवढ्यात "बेडकी! बेडकी!" सुरू झालं. राजा मान पुढे काढून बघू लागला. तुळाजीला मोह आवरला नाही. त्यानं कोपर वाकवलं.

नवं धोतर टर्रकन फाडावं तसा आवाज आला. गोटा धप्पकन खाली पडला, पाय थोडक्यात वाचला. आणि दंडातला गोळा कोपर सोडून सरसर वर गेला, खांद्याखाली जाऊन बसला!

यावर लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! खोटं नाही सांगत. "काय बेडकी चढलीय, वा!" म्हणत जो तो टाचा उंचावून बघू लागला. राजानं आपल्या हातानं तुळाजीच्या गळ्यात कंठा घातला. तुळाजी पांढराफटक पडलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. लोकांना वाटलं, आनंदानं गहिवरला.

येसू गर्दी फोडत पुढे आली. तिनं दंड पाहिला आणि किंचाळली, "मेल्यांनो, टाळ्या कसल्या वाजवताय? हात तुटलाय माझ्या माणसाचा!"

तिनं त्याला तडक वैद्याकडे नेलं. वैद्यानं कोपराजवळ बोट लावलं, तर तिथे नुसता खड्डा. "मांसाला हाडाशी बांधणारी दोरी तुटलीय," तो म्हणाला. "लगेच आणलंस म्हणून बरं. उशीर झाला असता, तर दोरी वरच आखडून बसली असती." त्यानं कोपराशी चीर देऊन दोरी पुन्हा हाडाशी शिवली आणि हात गळ्यात बांधला.

मग सुरू झालं सगळ्यात अवघड काम. काही न करणं! पुढे नुसती मूठ उघडायची, मिटायची. मग रिकामा तांब्या, मग भरलेला. मध्येच एकदा येसूनं त्याला पाटा उचलताना पकडलं.

"अगं, आता दुखत नाही."

"दुखत नाही म्हणजे जुळलं का? ओल्या भिंतीवर कुणी छप्पर चढवतं का? ठेवा तो खाली!"

त्यानं मुकाट्यानं ठेवला. कंठा विकून ते दिवस निघाले, आणि छप्पर तसंच राहिलं.

हात पुरता भरून आल्यावर, वैद्यानं आणि वस्तादानं दोघांनी होय म्हटल्यावर, तुळाजी पुन्हा जत्रेत उतरला. आधी हलके गोटे उचलून त्यानं अंग तापवलं. मग हात सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर तो मोठा गोटा उचलून चौथऱ्यावर नीट ठेवला.

एकही टाळी पडली नाही.

"बेडकी कुठाय?" लोक कुरकुरले. राजानं कंठा हातात धरून खेळवला. "पुन्हा उचल. पण दंड दिसू दे. मग हा तुझा."

तुळाजीनं त्या कंठ्याकडे पाहिलं. मनात छप्पर आलंच. मग त्यानं हात जोडले. "महाराज, छप्पर मी धोंडे वाहून घालीन. त्यासाठी हा हात हवा." आणि येसूला घेऊन तो वाटेला लागला.

ती दोघं वेशीपाशी पोहोचली नाहीत, तोच मागे जत्रेत टाळ्यांचा कडकडाट झाला. येसू जागच्या जागी थिजली.

"अहो," ती म्हणाली, "आता कुणाचा हात गेला हो?"

तुळाजी मागे वळला आणि "वैद्याला बोलवा!" असं ओरडत गर्दीकडे धावत सुटला.

तात्पर्य: टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात कधी तुटत नाहीत, म्हणून ओझं उचलणाऱ्यानं त्यांचं नाही, आपल्या हाताचं ऐकावं.