हिरूआयची कोळशाची रेघ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा कोंडखोलच्या बंदरातल्या सगळ्या होड्या शिडावर चालायच्या. तिथल्या कोळीवाड्यात हिरूआय राहायची. मासळी साफ करण्यात तिचा जन्म गेला, पण जखम तिच्याइतकी कुणाला कळत नसे. चार घरांपलीकडची चिघळलेली जखम ती नुसत्या वासावरून ओळखायची, असं म्हणतात.

गावाला मात्र एक खोड होती. काटा लागला, कालवाच्या शिंपल्याची धार लागली, की हात खाडीत बुडवायचा. दर्यानं दिलेली जखम दर्याच भरतो, असं बापजादे सांगून गेलेले. हिरूआयचा नवराही असाच हात बुडवत राहिला नि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून तिनं कानीकपाळी ओरडावं, गोडं पाणी उकळून जखम धुवा म्हणून, आणि गावानं हसावं.

एकदा धर्मा नाखव्याच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसला. नाखवा म्हणजे होडीचा धनी, त्यात हा भारी हट्टी. त्यानंही बोट खाडीतच बुडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात भोपळ्यासारखा सुजला, काळे फोड आले, तापानं अंग भाजू लागलं. बायको धावत जाऊन हिरूआयला घेऊन आली. लाली जिथे संपत होती तिथे हिरूआयनं कोळशानं रेघ ओढली आणि बसून राहिली. घटकाभरात लाली रेघेच्या वर चढली. तिनं दुसरी रेघ ओढली, लालीनं तीही ओलांडली.

"हात काढावा लागंल," ती म्हणाली.

"हात गेला तं मी नाखवा कसला, आय?"

"हात दर्याला दे, बाबा. जीव पोरांना ऱ्हाऊ दे."

नाखव्यानं डोळे मिटून होकार दिला. तिनं कोयता विस्तवात लाल केला. ती कापत होती तोवर भरतीचं पाणी नाखव्याच्या उंबऱ्यापाशी थांबून राहिलं, असं म्हणतात. मग सात दिवस ती तिथून हलली नाही, उकळलेल्या पाण्यानं जखम धुवत राहिली. आठव्या दिवशी नाखव्यानं पेज मागितली. धन्य ती बाई, दुसरं काय म्हणावं.

आजही कोंडखोलात नारळी पुनवेला, होड्या दर्यात लोटण्याआधी, प्रत्येक जण वाड्यातल्या थोरल्या बाईपुढे हात धरतो. हिरूआयचं नाव घेऊन ती तळवे उलटेपालटे करून बघते. ज्याच्या हाताला ओरखडा दिसेल तो किनाऱ्यावर राहतो, पण त्याचा मासळीचा वाटा घरी पोचतो. आणि हात सगळ्यांत आधी नाखव्यानं दाखवायचा. पहिल्या वर्षी धर्मा नाखव्यानं पुढे होऊन दाखवला होता, त्याचा उरलेला एक.