कारण निवडा

“पण तो परत का फिरला, एवढंच विचारतेय मी.”

जुईली पानसे सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होती.

लटारूबाबांनी बशीतला चहा फुंकला.

“थंडी हाये जी आज,” ते म्हणाले.

…

जुईलीच्या डोक्यात तिडीक गेली. पुण्याहून नागपूर, नागपूरहून जीप, आणि शेवटचे बारा किलोमीटर मोटारसायकलवर मागे बसून हाडं खिळखिळी करून घेत ती जंगलकाठच्या या छावणीत आली होती. थंडीच्या गप्पा मारायला नव्हे.

वन्यजीव वाचवणाऱ्या एका संस्थेच्या मनुष्यबळ विभागाची ती प्रमुख होती. वय एकोणतीस. तोंडावर सगळे तिला ‘एचआर मॅडम’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं, आणि त्याची तिला फिकीर नव्हती.

तिच्या बॅगेत एक पत्र होतं. धनपाल कोवेला कामावरून कमी करण्याचं. सही तेवढी राहिली होती.

“सही करण्याआधी लटारूबाबांना विचारून घे,” असं संचालक म्हणाले होते. “तिथली सगळी पोरं त्यांच्या हाताखाली जंगल शिकली.”

विचारतच होती की ती! एवढं भिंतीला विचारलं असतं तर एव्हाना एखादा पोपडा तरी पडला असता.

प्रकरण साधं होतं. छावणीतून रोज सकाळी आठ किलोमीटरची पायी फेरी निघायची. जनावरांच्या खुणा नोंदवत चालायचं. चालणाऱ्याची रेघ फोनमध्ये आपोआप उमटायची. गेले अकरा दिवस धनपालची रेघ पाचव्या किलोमीटरला, नाल्यापाशी, तुटत होती. तो तिथून परत फिरत होता. फोन विचारत होता : ‘फेरी अपूर्ण. कारण निवडा.’ आणि धनपाल काहीच निवडत नव्हता.

दुपारी बारापर्यंत काही निवडलं नाही, तर फोन स्वतःच लिहून टाकतो : ‘निष्काळजीपणा’.

अकरा वेळा निष्काळजीपणा. नियमाप्रमाणे तीन वेळाही पुरे होते.

“धनपाल, तू तरी बोल.”

चुलीपाशी बसलेल्या धनपालने वर पाहिलं. पस्तिशीचा, काटक माणूस. आज त्याने धुतलेला गणवेश घातला होता. नोकरीचा शेवटचा दिवस म्हणून, हे सगळ्यांना कळत होतं.

“चहा आणखी घेता का, मॅडम?”

“नको मला चहा!”

त्याच्या डोक्यावर भिंतीला एक चौकट टांगलेली होती. उलटी. काच भिंतीकडे, पुठ्ठा बाहेर.

“आणि हे असं उलटं का?”

“धूळ बसते, मॅडम.”

तिने उठून चौकट सुलटी केली. ‘वर्षातील उत्कृष्ट नोंद : धनपाल कोवे.’ खाली तिची स्वतःचीच सही होती.

“बघा! मागच्या वर्षी हाच माणूस सगळ्यांत चांगला होता. यंदा काय धाड भरली?”

धनपालने चुलीत एक काटकी सरकवली.

…

मग बाबांनी बशी खाली ठेवली.

“त्या फोनातली कारनं कोनं लिवली जी?”

“मी. सहा महिने लागले त्याला. आजारपण, दुखापत, पाऊस, रजा, जनावर.”

“जनावर निवडलं तर?”

“तर कोणतं जनावर, नेमकं कुठे, ते लिहायचं. फोटो जोडायचा. त्याशिवाय फोन पुढे जाऊ देत नाही.”

“आन् ‘इतर’?”

“‘इतर’ ठेवलं की लोक थापा मारतात, बाबा. माणूस परत फिरतो त्याला पाचच कारणं असतात. सहावं म्हणजे आळस.”

बाबांनी मान हलवली. पटल्यासारखी. त्याचाच तिला जास्त राग आला.

“ठीक आहे,” ती उठली. “मी मारते फेरी. अख्खे आठ किलोमीटर. या शहरातल्या बाईची रेघ दाखवते तुम्हाला. मग सही करते आणि निघते.”

तिने आपल्या फोनवर फेरी सुरू केली.

लटारूबाबा काठी घेऊन उभेच होते. जणू सकाळपासून याचीच वाट पाहत होते.

फेरीचे नियम जुईलीला पाठ होते. पुस्तिकेत तिनेच छापले होते. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं. बोलायचं नाही. पुढचा थांबला की थांबायचं.

पहिल्या किलोमीटरला तिने दोनदा विचारलं, “पण कारण काय?”

बाबांनी पुस्तिकेतला नियम पाळला.

पुढे तिचा श्वास फुलला, आणि तिनेही तो नियम पाळला.

नाला दिसू लागला तसे बाबा थांबले. एका दगडावर बसले. नाल्याकडे पाठ करून.

“आता काय?” ती पुटपुटली.

“वाट सरळ हाये. जा तुमी.”

“आणि तुम्ही?”

…

बाबांनी डोळे मिटून घेतले. सत्तरी गाठलेला माणूस भर सकाळी कोवळं ऊन खात बसावा, तसे.

हद्द झाली, असं म्हणत ती तरातरा पुढे निघाली.

वीस पावलं. नाल्याची वाळू. वाळूत आवळ्याएवढे ठसे, एकात एक गुंतलेले.

मग कुणी तरी बारीक शीळ घातली.

समोरच्या कपारीत काही काळपट हललं. एक पिल्लू वाळकी काटकी ओढत होतं. दुसरं त्याच्या पाठीवर चढलं होतं. आणखी दोन. की तीन.

त्यांच्यामागे रानकुत्री उभी होती; शीळ तिचीच. तांबडी, काळ्या झुपकेदार शेपटीची, पोट खपाटीला गेलेली. ती गुरगुरली नाही. भुंकली नाही. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं, मानेला धरून उचललेलं.

ती जुईलीच्या पायाकडे पाहत होती.

जुईलीचा उजवा पाय उचललेलाच राहिला होता.

…

तो तिने मागे टेकवला. मग दुसरा. आपल्याच पावलांत पाऊल टाकत मागे सरकली.

अकराव्या की बाराव्या पावलाला रानकुत्रीने पिल्लू खाली ठेवलं.

जुईली वळली. बाबा आधीच छावणीच्या वाटेला लागले होते.

अर्ध्या वाटेवर तिचा बांध फुटला.

“मला सांगायचं ना, बाबा! एका शब्दाने सांगायचं! मी काय वैरीण आहे का?”

“मागल्या साली सांगतलं होतं जी.”

“कुणी?”

“धनपालनं. ‘जनावर’ निवडलं, जागा लिवली, फोटो लावला. तुमी सांगतलं तसंच.”

जुईली चालता चालता थांबली.

तिला ती नोंद आठवली. सहा पिल्लं. इतकी सुरेख नोंद! तिनेच ती संस्थेच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर टाकली होती, फोटोसकट, जागेच्या नावासकट. सगळ्या देणगीदारांना पाठवली होती. आणि चौकटीतलं प्रमाणपत्र.

“मंग चौथ्या दिवशी गाड्या आल्या,” बाबा न थांबता बोलत होते. “हात-हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन. माय घाबरली. एकेक पिल्लू तोंडात धरून, भर उन्हात, रस्ता वलांडून...”

“किती वाचली?”

…

बाबा चालत राहिले.

छावणीत पोचले तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. धनपालने भात उतरवला होता. त्याने आधी तिचा चेहरा पाहिला, मग तिच्या हातातला फोन.

भिंतीवरची चौकट पुन्हा उलटी झाली होती. या वेळी तिने ती तशीच राहू दिली.

फोन वाजला. ‘फेरी अपूर्ण. कारण निवडा.’

ती बाकावर बसली. आजारपण? ती ठणठणीत होती. दुखापत नव्हती. आभाळ लख्ख होतं. रजेवर तर ती नव्हतीच.

तिने ‘जनावर’वर बोट ठेवलं. लगेच तीन रकाने उघडले. कोणतं? कुठे? फोटो?

तिने ते घाईघाईने बंद केले. जणू हात भाजला.

“ही काय यादी आहे?” ती कडाडली. “कुठल्या शहाण्याने केलीय?”

धनपालने मान खाली घातली. हसू लपवायला असावी.

तिने फोन बाकावर पालथा घातला. बॅगेतून पत्र काढलं. पेन काढलं. पेनाचं टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

भाताची वाफ तेवढी छताकडे जात होती.

बारा वाजले.

पालथ्या फोनाने बारीक आवाज केला. तिने तो सुलटा केला.

‘जुईली पानसे. निष्काळजीपणा.’

…

लटारूबाबांनी तिच्या मांडीवरचं पत्र उचललं. चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. मग नावाखाली बोट ठेवून ते तिच्यापुढे धरलं.

“मॅडम, इथं धनपालच्या खाली आणखी एक नाव मावते का जी?”