पाणकावळ्याचे तीन मासे

नदीवर अजून एकही पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. डोहात मासे धरायला कासवआजीचा परवाना लागे, आणि परवान्यावर दिवसाला तीनच मासे मिळत.

पाणकावळा सकाळीच तीन मासे धरून काठावर ठेवी. नंतर त्याहून मोठा मासा मिळाला, की आधीचा लहान, मेलेला मासा तो पाण्यात फेकून देई. असं दिवसभर चाले.

"अरे, रोज किती मेलेले मासे तरंगतात!" आजी म्हणाली.

"माझ्याकडे तीनच आहेत. हवं तर मोजून घे."

उन्हाळ्यात डोहात पाणी होतं, पण मासा उरला नव्हता. भुकेला पाणकावळा आजीकडे आला.

"आजी, माझे आजचे तीन मासे?"

"तुझेच आहेत, बाळा," आजी म्हणाली आणि पाण्याकडे जाणाऱ्या वाटेतून बाजूला झाली.