शिवेची कुऱ्हाड

करवंडे गावाच्या वरच्या अंगाला रान सुरू होते, तिथे उभे राहिले तर पाहुण्यांना प्रथम काहीच वेगळे वाटत नाही. मग गावचे म्हातारे कोंडाजी आबा काठी उचलून दाखवतात, तेव्हा कुठे ध्यानात येते की हे रान हळूहळू दाट होत गेलेले नाही. अलीकडे नाचणीची शेते आणि गवत, पलीकडे एकदम झाडांची भिंत. मध्ये एक झुडूप नाही की रोप नाही. कडेच्या प्रत्येक झाडावर घावाची जुनी खूण आहे, साल भरून येऊन मिटत आलेली. पण ती गावाच्या बाजूने दिसत नाही. पाय अलीकडे ठेवून, मान वाकडी करून बुंध्यामागे डोकावावे लागते. हद्दीची खूण आणि ती अशी पाठमोरी का, हे पाहुणे विचारतातच. आबांना तेवढेच हवे असते. ते धोंड्यावर बैठक मारतात आणि कालपरवा शेजारी घडल्यासारखे सांगायला लागतात. मध्ये कुणी मोबाइल काढला तर मात्र गप्प होतात, तो खिशात जाईपर्यंत.

त्या काळी जग आजच्याइतके आवरून ठेवलेले नव्हते म्हणे. डोंगरापलीकडे राक्षस नांदत, कड्याच्या कपारीत यक्ष असत, झाडांच्या मुळांशी वीतभर उंचीची माणसे संसार करत. आणि यांतल्या कुणालाच कुऱ्हाडीवाचून चालत नसे. टेकडीवर लुमाजी लोहाराची भट्टी होती. लुमाजी घडवायचा, त्याची बायको राही भाता ओढायची. मूलबाळ नव्हते. येणारे गिऱ्हाईक काम झाले की आपल्या वाटेने जायचे, आणि मग टेकडीवर पुन्हा ही दोघेच.

राहीला गिऱ्हाईक दारात दिसले की कुऱ्हाड कळायची. राक्षसांना जड डोक्याची, बोथट धारेची लागे, कारण ते झाडे तोडत नसत, घरासाठी खडक फोडत. यक्षांची दुधारी असे. तिला धार लावायला ते कधी येत नसत, कारण ती चालवायची नसतेच, खजिन्यापुढे धरून नुसते उभे राहायचे असते. राहीला त्या कुऱ्हाडींची कीव यायची. वीतभर माणसांच्या कुऱ्हाडी नखाएवढ्या. त्यांनी ती माणसे काटे छाटत आणि पोळ्यातला मध कापून घेत. घडवताना लुमाजीचे डोळे पाण्याने भरायचे, पण त्यांना नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. घाटातले राखणदार फरशी नेत. लांब दांडा, चंद्रकोरीसारखे पाते. अंगावर आलेले जनावर किंवा भूत लांबच थोपवायला ती बरी. गावची माणसे तेवढी साधी लाकूडतोडी कुऱ्हाड मागत आणि वर घासाघीस करत.

या भट्टीचा एक नेम होता. तापले पाते पाण्यात बुडवून ज्याने त्याला पाणी पाजले, त्यानेच त्या कुऱ्हाडीचा पहिला घाव घालायचा आणि मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. धार तो हात ओळखते, असे ही माणसे मानत. राक्षसाची कुऱ्हाड असली तर पहिला दगड लोहारानेच फोडायचा, मग हाताला फोड का येईनात.

अशात रान चालायला लागले. का ते कुणालाच माहीत नाही. आबा म्हणतात, कुणी काही तोडले असेल आणि आधी रानाकडे मागायचे विसरला असेल. दर पावसाळ्यात रान चार पावले खाली सरके. कडेचे एक घर त्याच्या पोटात गेले, मग दुसरे. माणसे बाहेर पडली, पण चूल, उखळ, पाळणे आतच राहिले. झाड तोडले तर त्या जागी दोन उगवत, त्यामुळे गावाने तोडायचे सोडले आणि हद्द घालायचे ठरवले. शेताच्या बांधावर घालतात तशीच त्यांनी खूण घातली, येताजाताना आपल्याला दिसावी म्हणून आपल्या बाजूने. भावकीच्या भांडणात जी खूण चालते ती रानालाही चालेल, असे सगळ्यांना मनापासून वाटले. पुढच्या पावसाळ्यात खुणांची झाडे तशीच खुणांसकट खाली आली.

त्याच वर्षी आपली कुऱ्हाड न्यायला एक म्हातारा राक्षस भट्टीवर आला. तिथे जमलेल्या गावकऱ्यांचे रडगाणे त्याने ऐकून घेतले आणि त्याला हसू आले म्हणे. तो म्हणाला, तुम्ही खूण स्वतःला दाखवलीत, रानाला कुठे दाखवलीत? त्याने सांगितले की कुऱ्हाडीची आणखी एक जात असते, शिवेची कुऱ्हाड. ती तोडत नाही, नुसती खूण उठवते. ती खूण रानाच्या बाजूने, रानात उभे राहून घालायची असते. एकदा घातली की रान अलीकडे येत नाही. पण ती शीव दोघांनाही असते. मग इकडचे कुणी तिकडे जाऊ शकत नाही, आणि जो घालतो तोही इकडे येऊ शकत नाही.

गाव हे ऐकून खाली गेले. कुऱ्हाड घडव, एवढे त्यांनी जाताना लुमाजीला सांगितले. ती कोण नेणार ते कुणी बोलले नाही, कारण भट्टीचा नेम सगळ्यांना माहीत होता.

गावाला माहीत नव्हते ते एवढेच, की धुराने लुमाजीचे डोळे कधीच मंदावले होते. पाते गवतासारखे पिवळे झाले की त्याच क्षणी ते पाण्यात बुडवायचे असते, आणि तो पिवळा रंग त्याला दिसत नसे. कित्येक वर्षे पाणी राहीच पाजत होती, आणि नेमाप्रमाणे पहिला घावही तीच घालत होती, कुणी पाहत नसताना. नवऱ्याचा मान राहावा म्हणून तिने हे कुठे बोलून दाखवले नव्हते. शिवेच्या कुऱ्हाडीलाही पाणी तिनेच पाजले. पाते चुरचुरले, वाफ निघाली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहायचे टाळले. आता जायचे होते ते राहीला.

दुपारी दोघे जेवायला बसली. लुमाजीला भाकरी उतरेना. थोड्या वेळाने तो म्हणाला, झऱ्याचे गार पाणी आण, आज प्यावेसे वाटते. शेवटचे म्हणून मागतो आहे, असे तिला वाटले. ती घागर घेऊन गेली. परत आली तर भट्टी धगधगत होती आणि भिंतीला टेकलेली कुऱ्हाड तिथे नव्हती.

घागर तिथेच सोडून ती उतरणीने धावत सुटली. रानाच्या कडेने ठक ठक आवाज पुढे पुढे चालला होता, आणि गावचे लोक हातातली कामे टाकून मुकाट उभे होते. आंधळ्या हाताने बुंधा चाचपत, एकेक झाड करत लुमाजी निघाला होता. शेवटच्या झाडाशी राहीने त्याला गाठले. ती अलीकडे, तो पलीकडे, मध्ये एक बुंधा. खूण उठली होती. तिने पाऊल टाकले तर फांद्यांनी तिला अलगद मागे सारले, दारात आलेल्या परक्या माणसाला थांबवावे तसे.

"पाणी म्या पाजलं व्हतं," ती म्हणाली. "घाव माझा व्हता."

"मला तसंबी काय दिसत न्हाई," लुमाजी म्हणाला. "मला रान काय आन् घर काय, सारकंच."

"आन् मी? मी दिसत व्हते न्हवं?"

पानांची हालचाल झाली आणि मधली फट बुजली.

पाणी एकाने पाजलेले आणि घाव दुसऱ्याने घातलेला, मग ती शीव टिकली कशी, यावर करवंड्यात अजून वाद होतात. आबांना त्यात काही कोडे वाटत नाही. एका भात्याच्या वाऱ्यावर दोघांचा जन्म गेला, धारेने आणखी काय वेगळे ओळखायचे, असे ते म्हणतात.

रान थांबले ते थांबलेच. गावाने राहीच्या दारात धान्याची पोती टाकली. पण टेकडीवर बसायला कुणी येईना. कुऱ्हाड घ्यायची आणि निघायचे, कारण तिच्यासमोर बसले की ज्याला त्याला आपले त्या दिवशीचे मौन आठवायचे. भाता तीच ओढायची, घण तीच मारायची, आणि दोन ताटल्या मांडून एक पुन्हा उचलून ठेवायची. राहीचे ते दिवस कसे गेले हे सांगायला कुणी नाही, कारण तिला तेव्हा कुणी विचारलेच नाही.

मग एका संध्याकाळी रानातून आवाज आला. कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू लाकडावर आपटल्याचा आवाज, दोन ठोके. भट्टीवर लुमाजी ऐरणीवर हातोडीने असेच ठोके द्यायचा. त्याचा अर्थ, भाता सोड, आता पुरे झाले. राही तिथली एक कुऱ्हाड उचलून शिवेवर गेली आणि शेवटच्या झाडावर उलट्या बाजूने दोन ठोके दिले. आतून पुन्हा दोन आले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी असे चालू झाले. ठोक्यावरून तिला कळायचे, आज त्याचा हात दुखतो आहे, आज तो कशावर तरी चिडला आहे, आज त्याला पोटभर काही मिळाले आहे. तिचा हात त्याला तेवढाच कळत असणार.

होता होता राही म्हातारी झाली आणि अंथरुणाला खिळली. मरणाचे तिला काही वाटत नव्हते. तिला धास्ती होती ती संध्याकाळची. तो ठोके देईल, वाट पाहील, पुन्हा देईल, आणि एवढ्या मोठ्या रानात त्याला सांगायलाही कुणी नसेल. तिने आवडाबाईला बोलावणे धाडले. रान थांबले तेव्हा अगदी कडेला जे घर वाचले होते, ते या आवडाबाईचे. इतक्या वर्षांत ती टेकडी चढली नव्हती. आली, उंबऱ्यापाशी घुटमळली आणि रडायलाच लागली.

राहीने तिला रडू दिले आणि मग म्हणाली, "मी गेल्याचं त्याला कळू देऊ नगा. सांज झाली की दोन ठोकं द्या. एवढंच करा."

राही गेली त्या संध्याकाळी आवडाबाई शिवेवर उभी राहिली. सारे गाव मागे होते. आतून दोन ठोके आले. आवडाबाईने कुऱ्हाड उलटी धरली आणि दोन ठोके दिले, पण हात कापत होता. एक जोराचा बसला आणि दुसरा निसटता. रान गप्प झाले. किती तरी वेळ काहीच आले नाही. ज्या माणसाला बायकोचा दुखरा खांदा ठोक्यावरून कळत होता, त्याला परका हात कळला नाही असे कसे म्हणावे? अंधारून यायला लागले तेव्हा आतून दोन ठोके आले, अगदी सावकाश. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळी पुन्हा आले.

त्याला कळले होते, असे आबा सांगतात. राही नाही हे त्याला त्याच संध्याकाळी कळले. पण पलीकडे कुणी तरी थरथरत्या हाताने खोटे बोलायला उभे आहे, हेही कळले, आणि त्याने ते मोडले नाही.

आजही करवंड्यात सांज झाली की ज्या घराची त्या दिवशी पाळी असेल त्या घरातले माणूस शिवेवर जाते, कुऱ्हाड उलटी धरून शेवटच्या झाडावर दोन ठोके देते आणि कान देऊन उभे राहते. घरात लग्न असो की मयत, पाळी चुकत नाही. पाहुणे विचारतात, आतून उत्तर येते का?

"कंदी येतं, कंदी न्हाई," कोंडाजी आबा म्हणतात. "म्हातारा मानूस हाय, येळ लागतो."

आणि पाहुणे गाडीकडे वळले तरी ते तिथून लगेच हलत नाहीत.