टोक वर, टोक खाली

कान इकडे, शेंबूड तिकडे, आणि ऐका!

एक होती चिचुंद्री. नाव चिंगुली. उंची अंगठ्याएवढी. नाक मात्र हे लांब!

चिंगुली बालवाडीत जायची. बालवाडीत होते लाकडी ठोकळे. चिंगुलीनं अंगणात घर बांधलं. चौकोनावर चौकोन, चौकोनावर चौकोन. वर त्रिकोणाचं छप्पर. आत निजली गोटी. गोटी म्हणजे लाल किडुली. गोल गोल गोल!

तेवढ्यात बदकबाई आल्या. फताक फताक!

"उचला, उचला! तपासणी आलीय. ठोकळे मळतील!"

छप्पर गेलं कपाटात. खटॅक! कुलूप. काचेतून दिसतंय, पण हाताला येत नाही.

गोटी म्हणाली, "चिंगे, ऊन लागतंय गं!"

"बाई, बाई, कपाट उघडा! माझं छप्पर मिळेना, गोटीला ऊन लागतंय!"

"ठोकळे बघायचे असतात, खेळायचे नसतात," बाई म्हणाल्या. "आणि किल्ली रेडेसरांकडे. किल्ली आण, मग उघडते."

चिंगुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

रेडेसर चिखलात लोळत होते. डुबुक डुबुक!

"सर, सर, किल्ली द्या! बाई कपाट उघडेनात, माझं छप्पर मिळेना, गोटीला ऊन लागतंय!"

"आमच्या वेळी नव्हते असले ठोकळे. आमचं काही अडलं का?"

अडलं होतं. सर तीन वर्षं एकाच वर्गात होते!

"भाऊसाहेबांचा चौकोनी कागद आण, मग देतो."

चिंगुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

बोकड भाऊसाहेब कचेरीत बसले होते. तोंड चालूच. चबक चबक!

"भाऊसाहेब, भाऊसाहेब, कागद द्या! सर किल्ली देईनात, बाई कपाट उघडेनात, माझं छप्पर मिळेना, गोटीला ऊन लागतंय!"

"कालचा कागद होता छान."

"मग?"

"खाल्ला. नवा देतो की! साहेबांचा गोल शिक्का आण, मग देतो."

चिंगुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

घुबडसाहेब तपासणीला आले होते. म्हणजे झोपले होते. डोळे गोल, चष्मा गोल. घुर्रर्र! घुर्रर्र!

"साहेब, साहेब, शिक्का द्या! भाऊसाहेब कागद देईनात, सर किल्ली देईनात, बाई कपाट उघडेनात, माझं छप्पर मिळेना, गोटीला ऊन लागतंय!"

साहेबांनी एक डोळा उघडला.

"त्रिकोण दाखव, मग देतो."

"त्रिकोण कपाटात आहे, साहेब."

"मग कपाट उघडायला सांग."

"त्याला तुमचा शिक्का लागतो!"

"मग आधी त्रिकोण दाखव." घुर्रर्र!

चिंगुली रडली? छे! चिडली. तिनं डबा उघडला. भाकरी होती गोल.

कुर्रर्र! एक बाजू सरळ. कुर्रर्र! दुसरी बाजू सरळ. कुर्रर्र! तिसरी बाजू सरळ. कोपरे मोजा: एक, दोन, तीन!

"साहेब, हा घ्या त्रिकोण!"

साहेबांनी पुस्तक काढलं. चित्र बघितलं. भाकरी बघितली.

"हा त्रिकोण नव्हे. त्रिकोणाचं टोक वर असतं. तुझं खाली आहे."

चिंगुलीनं भाकरी फिरवली. "आता?"

"आता आहे."

पुन्हा फिरवली. "आता?"

"आता नाही."

"भाकरी तीच, कोपरे तेच! साहेब, जरा मान फिरवा बघू!"

साहेबांनी मान फिरवली. गर्रर्र! डोकं खाली, हनुवटी वर.

"अरेच्चा! त्रिकोणच की हा! कसाही धरा, त्रिकोणच!"

इतकी वर्षं तपासण्या केल्या, पण मान काही फिरवली नव्हती.

मग काय! साहेबांनी शिक्का दिला. भाऊसाहेबांनी कागद दिला, कोपरा खाऊन दिला. सरांनी किल्ली दिली. बाईंनी कपाट उघडलं. खटॅक!

घरावर छप्पर बसलं. गोटीला सावली मिळाली. गोटी निजली, गोल गोल गोल!

इतक्यात बाई आल्या. फताक फताक! मागून सर, मागून भाऊसाहेब.

"झाली तपासणी. ठोकळे परत कपाटात!"

चिंगुलीनं दुसरा त्रिकोण उचलला. टोक खाली करून धरला.

"ओळखा, मग देते."

बाई म्हणाल्या, "हे... हे भलतंच काहीतरी!"

सर म्हणाले, "आमच्या वेळी नव्हतं."

भाऊसाहेब म्हणाले, "खायचं असतं का?"

"मान फिरवा, मान फिरवा!" चिंगुली ओरडली.

बाईंनी मान फिरवली. धप्प! सरांनी मान फिरवली. धप्प! भाऊसाहेबांनी मान फिरवली. धप्प!

तिघं पाय वर करून पडलेत. अजून ओळखतायत.

आणि चिंगुली? चिंगुली खेळतेय!